बंडीतला बत्ता

बत्ता आधी वजनकाट्यावर पडला, मग घरंगळत जाऊन नर्सच्या पायावर आदळला. नर्स किंचाळली. ती किंचाळली म्हणून बाहेरचा गार्ड आत धावला आणि फरशीवरचं पितळी दांडकं बघून "सगळे मागे व्हा!" असं ओरडला. काट्यावर चार वर्षांची रेवा उभी होती. डोक्यावर एक केस नाही, अंगात गोधडीसारखी शिवलेली जाड बंडी. ती शांतपणे म्हणाली, "आजी, इट फेल."

आजीनं डोळे मिटून घेतले.

नर्स आपल्या अंगठ्याकडे बघत होती, गार्ड बत्त्याकडे आणि तरुण डॉक्टर गार्डकडे. काट्याच्या आकड्याकडे खोलीतली एकच बाई बघत होती. आकडा चांगलाच खाली आला होता. ती बाई म्हणजे आमची फार्मासिस्ट, रूथ. ती म्हणाली, "आता बंडीपण काढा."

आजीनं पोरीला काट्यावरून उचललं, छातीशी धरलं आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "बंडी निघणार नाही," ती मराठीत म्हणाली. "पोरीले थंडी वाजते."

मी दारात मॉप घेऊन उभी होते. गार्डनं माझ्याकडे बघितलं. न्यूयॉर्कच्या टॉवरांवर विमानं आदळली त्याला जेमतेम वर्ष झालेलं. आमच्या रंगाचा माणूस दिसला की गार्ड लोकांच्या कपाळावर आठी यायची.

"तुम्ही यांच्याबरोबर आहात?"

"मी तुमच्याबरोबर आहे," मी म्हटलं आणि गळ्यातलं ओळखपत्र दाखवलं. त्याच्याही गळ्यात तसलंच होतं.

हे सगळं काय चाललं होतं ते आता सांगते. दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला कामाचे अनुभव लिहायला सांगितले तेव्हा मी म्हटलं, माझी शाळा चौथीपर्यंत झाली आहे. ते म्हणाले, चालेल, शुद्धलेखन आम्ही बघू. तेव्हा चुका दिसल्या तर त्या त्यांच्या.

मी अमेरिकेत बॉथेलला मुलाकडे राहायचे आणि बसनं सिएटलच्या एका मोठ्या हॉस्पिटलात साफसफाईच्या कामाला जायचे. मुलांच्या कॅन्सरचा मजला माझ्याकडे होता, आणि त्याच्या खालच्या मजल्यावरची फार्मसीची खोली. आईनं फरशी पुसणं माझ्या सॉफ्टवेअरवाल्या मुलाला जड जायचं, म्हणून तो मंडळात सगळ्यांना सांगायचा, "आई हॉस्पिटलच्या फार्मसीत असते." खोटं नव्हतं. मग गणपतीच्या जेवणात लोक पानावरून उठून माझ्याकडे यायचे आणि खिशातून ब्लडप्रेशरच्या गोळ्या काढून "मावशी, ही सकाळी घ्यायची की रात्री?" असं विचारायचे. मी सांगायचे, डॉक्टरला विचारा आणि तळण कमी करा. माझा तिथे फार मान होता.

फार्मसीची खोली म्हणजे दुकान नव्हे. कॅन्सरचं औषध तिथे दर पोरासाठी वेगळं बनवतात. बाहेरच्या खोलीत अंगावर झगा, डोक्यावर टोपी, तोंडावर पट्टी, हातात एकावर एक दोन हातमोजे घालायचे, मग फरशीवरची लाल रेघ ओलांडून आत जायचं. आत काचेचं कपाट. त्यातली हवा यंत्र सारखी ओढून गाळत असतं, कारण औषधाचा थेंब उडाला तर तो बनवणाऱ्याच्या अंगात जाऊ नये, आणि बनवणाऱ्याच्या अंगावरचा कण औषधात पडू नये. पावडर नको, बांगडी नको, अत्तर नको. मला शिकवणाऱ्या बाईनं पहिल्या दिवशी माझा झाडू काढून घेतला. झाडूनं धूळ उडते म्हणाली. जन्मभर झाडलं आणि म्हातारपणी कळलं की आपण धूळ नुसती इकडची तिकडे करत होतो.

औषध मिसळायला तिथे एक मुलगी असायची. पण काय, किती आणि कुणाला, हे रूथ ठरवून तपासायची. डॉक्टर लिहितो आणि फार्मासिस्ट ओततो असं लोकांना वाटतं. तसं नाही. डॉक्टरनं लिहिलेलं रूथ पुन्हा पहिल्यापासून मांडायची. पोरांचं औषध वयावर नसतं, अंगाच्या मापावर असतं. उंची आणि वजन घेऊन अंगाची कातडी एकूण किती भरेल याचा हिशेब करतात आणि त्यावर औषध बेततात. शिंप्यासारखंच. फरक एवढाच की शिंप्याचं चुकलं तर झबलं आखूड होतं. इथे कमी पडलं तर रोग उरतो आणि जास्त झालं तर पोर उरत नाही.

रूथ साठीला आलेली, उंच, किडकिडीत, आणि तिला हसवणं म्हणजे भिंत हसवण्यासारखं होतं. मी तिला रूथबाई म्हणायचे. 'बाई' म्हणजे काय हे तिनं मला कधी विचारलं नाही, पण इतर कुणी नुसतं रूथ म्हटलं की तिला आपलं काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटायचं. एकदा डॉक्टरनं पाठवलेल्या मापात एका पोराची उंची आधीच्या खेपेपेक्षा कमी होती. रूथनं फोन लावला, "तुमचा पेशंट आटला आहे. धुतला होता का?" पलीकडून तो काहीतरी रागानं बोलला. ती म्हणाली, "मी थांबते. तुम्ही त्याला ताणा किंवा पुन्हा मोजा." पुन्हा मोजलं. पोर पहिल्या वेळेला बूट घालून उभं राहिलं होतं.

डॉक्टरांना ती आवडत नसे. मला आवडायची, कारण ती कचरा बरोबर डब्यात टाकायची. औषधाला लागलेलं सगळं पिवळ्या डब्यात, बाकीचं साध्या. इतक्या शिकलेल्या लोकांपैकी निम्म्यांना हे जमत नाही.

रेवाचे आईवडील नागपूरचे. वडील नितीन व्हिसावर आलेला, आईही नोकरीत. नितीनची नोकरी गेली असती तर विमा गेला असता, विमा गेला असता तर औषध. म्हणून त्यानं आपल्या आईला बोलावून घेतलं. तीच ही सुमनताई. नातीच्या रक्तात कॅन्सर निघालेला आणि तिला घेऊन हॉस्पिटलात येणारी ही बाई, जिला इंग्रजीत 'थँक्यू' आणि 'नो बीफ' एवढंच यायचं. हॉस्पिटलनं फोनवर हिंदीचा दुभाषा लावून दिला होता. सुमनताईला हिंदी झकास यायची. तिनं त्याला त्याच्या आईची तब्येत विचारली आणि पोरीबद्दल एक अक्षर सांगितलं नाही.

दर खेपेला वजन व्हायचं. रेवाचा कोट, बूट काढायचे, पण बंडी राहायची, कारण ती काढली की पोर रडून घर डोक्यावर घ्यायची. नर्स मायाळू होती. राहू दे म्हणायची. वजन वाढलेलं बघून ती "गुड गर्ल!" म्हणाली की सुमनताई लगेच पोरीवरून हात ओवाळून आपल्या कानशिलावर कडाकड बोटं मोडायची. नर्सनं ते बघून मला बाजूला घेतलं. "त्यांच्या सांध्यांचा फार आवाज येतो. त्यांना कॅल्शियम घ्यायला सांग." मी सांगितलं. सुमनताई म्हणाली, "काहून? माझी हाडं तं ठणठणीत आहेत."

शेजारच्या खाटेवर केली नावाची मुलगी असायची, दहा-अकरा वर्षांची. तिचा रोग बरा होऊन परत आलेला. तिनं लाल रंगाच्या औषधाला टोमॅटो सूप असं नाव ठेवलेलं आणि पिशवी लावायला आलेल्या नर्सला ती "बरोबर ब्रेड नाही का?" असं विचारायची. रेवाच्या खुर्चीखाली पडलेल्या पिवळ्या दाण्यांतले काही ती मी पुसायच्या आधी गोळा करायची. एक दिवस मला म्हणाली, "त्या छोटीच्या जॅकेटातून बिया गळतात." मी म्हटलं, भारतातल्या जॅकेटांत काहीही असतं. तिनं ते दाणे ओल्या कापसावर ठेवले आणि रोज मोड आले का बघत बसायची. सोललेल्या डाळीला कुठून मोड येणार? आले नाहीत. वर कॅन्सरच्या वॉर्डात झाडपाला चालत नाही म्हणून नर्सनं मला ते टाकायला लावलं. केली म्हणाली, "तू खुनी आहेस." मी म्हटलं, "ती आधीच मेलेली होती."

मग रेवाचं तोंड आलं. आपण म्हणतो तसं साधं नाही. ओठांपासून घशापर्यंत सोललेलं. या औषधानं काही मुलांचं येतं. पाणी गिळताना ती मान वाकडी करायची. आणि पुढच्या खेपेला तिचं वजन आणखी वाढलं.

त्या दिवशी मी फार्मसीच्या बाहेरच्या खोलीत कचरा भरत होते. रूथबाई कागद समोर घेऊन बसली होती आणि फोनवर तो तरुण डॉक्टर होता. तिनं फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता. तो तसाच ठेवायची. म्हणायची, साक्षीदार असलेला बरा.

"मी हे बनवत नाही," ती म्हणाली.

"स्टिरॉइडनं फुगतात मुलं. तुम्हाला माहीत आहे," डॉक्टर म्हणाला.

"ते बंद होऊन महिना झाला."

"तिची आजी तिला चांगलं खाऊ घालत असेल."

"कुठून? तोंडातून तर जात नाही."

पलीकडे डॉक्टरनं कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "मशीन दाखवतं ते वजन मी लिहितो. औषध आज मिळालं पाहिजे. उशीर झाला तर जबाबदारी तुमची."

"बरं," रूथबाई म्हणाली, "मग मीच येते मशीन बघायला."

फार्मासिस्ट कधी वर वॉर्डात येत नाही. ती तळघरातल्या देवासारखी, आहे हे माहीत असतं, दिसत नाही. ती झगा फेकून, पांढरा कोट चढवून बाहेर पडली आणि मला म्हणाली, "तू ये. त्या आजीची भाषा तुला येते ना?" मी मॉप घेऊनच गेले. मॉप कुठेही ठेवला की कुणीतरी पळवतं.

अशी आम्ही सगळी त्या खोलीत जमलो, रेवाला काट्यावर चढवलं आणि बत्ता पडला.

गार्डनं रुमालात धरून बत्ता उचलला. "हे काय आहे?"

मी सुमनताईला विचारलं नाही, मलाच माहीत होतं. "आलं कुटायचं."

"मग ते मुलीच्या अंगात का आहे?"

"ते विचारतेय," मी म्हटलं.

"हत्यार आहे का हे?"

रूथबाईनं आपल्या पांढऱ्या कोटाचा खिसा पुढे केला. त्यावर खलबत्त्याचं चित्र विणलेलं होतं. औषधवाल्यांची तीच खूण असते, आमच्या दारावरही होती. "मग हे काय आहे?" ती म्हणाली. गार्डनं खिशाकडे बघितलं, बत्त्याकडे बघितलं, पुन्हा खिशाकडे बघितलं. नियमात याला उत्तर नव्हतं. तो बत्ता घेऊन बाहेर गेला आणि दाराशी त्याला धरून उभा राहिला, पालखीतल्या चोपदारासारखा.

मी सुमनताईजवळ गेले. "काय घातलंय बंडीत?"

"काही नाही."

"ताई, खाली पडलेले दाणे मी दर खेपेला उचलते."

तिनं बंडीचा एक चौकोन मुठीत धरला. मग म्हणाली, "डाळ."

"कसली?"

"मुगाची. चांगली आहे, किडकी नाही."

"किती?"

"पोर जशी वाळत गेली तशी भरत गेली. एकेक चौकोन उसवायचा, भरायचा, शिवायचा. आता जागा सरली. म्हणून मंग बत्ता."

मी रूथबाईला सांगितलं. तिनं मला दोनदा सांगायला लावलं. डॉक्टरनं तोंड भिंतीकडे केलं. तो हसत होता की रडत, मला दिसलं नाही. खाटेवरून केली म्हणाली, "मी सांगितलं होतं, बिया आहेत."

"का?" रूथबाईनं विचारलं. "विचार तिला, का?"

सुमनताईनं सांगितलं ते असं. सुरुवातीला एकदा रेवाचं वजन घटलं, तेव्हा आहार सांगणारी बाई आली आणि गोड बोलून विचारायला लागली, घरी कोण जेवू घालतं, किती वेळा, काय काय. सगळं लिहून घेतलं. त्याच आठवड्यात बिल्डिंगमधल्या कुणीतरी हिला सांगितलं होतं की इथे पोराला नीट खाऊ घातलं नाही तर सरकार पोर उचलून नेतं, मग आईबाप कोर्टात रडत बसतात.

"घरी मीच असते न," सुमनताई म्हणाली. "लिहिणार तं माझंच नाव लिहिणार. पोरगी माझ्या हातून गेली तं नितीनले काय तोंड दाखवू? वजन भरलं का त्या बाया हसतात. नाही भरलं का लिहितात. म्हणून मी भरलं, बाप्पा."

रूथबाई खाली बसली, म्हणजे सुमनताईच्या डोळ्यांसमोर डोळे येतील अशी. आवाज तिचा नेहमीसारखाच कोरडा होता. "तिला सांग. वजनावर मी औषध बनवते. गेल्या खेपांना मी मुलीचं आणि डाळीचं औषध बनवलं. या खेपेला दांडक्याचंही बनवणार होते. डाळीला कॅन्सर झालेला नाही. दांडक्यालाही नाही. त्यांच्या वाट्याचं औषध मुलीनं एकटीनं घेतलं. त्यानं तोंड आलं. तोंड आलं म्हणून ती जेवली नाही. जेवली नाही म्हणून तू डाळ वाढवलीस. डाळ वाढली म्हणून मी औषध वाढवलं. आपण दोघींनी मिळून हे केलं."

मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. मला गुळगुळीत करून सांगता येत नाही. ऐकता ऐकता सुमनताई भिंतीवरून घसरत खाली फरशीवर बसली.

"म्हणजे तोंड माझ्यापायी आलं?"

"हो," मी म्हटलं.

तिनं स्वतःच बंडीच्या गाठी सोडल्या. आतली पोर बघून नर्सनं तोंडावर हात घेतला. बंडी बाजूला ठेवली आणि पुन्हा वजन केलं. कागदावरची रेवा आणि काट्यावरची रेवा यांच्यात एका मोठ्या कलिंगडाचा फरक होता. रूथबाईनं आकडा स्वतः वाचला, नर्सकडून वाचून घेतला, डॉक्टरकडून वाचून घेतला. मग म्हणाली, "आज औषध नाही." डॉक्टरनं आपल्या हातानं कागदावरचं वजन खोडलं.

बंडी मी पिवळ्या डब्यात टाकायला घेतली. या औषधावरच्या पोरांच्या घामातसुद्धा औषध उतरतं, तो लागलेलं सगळं तिकडेच जातं. एवढं सगळं झालं तरी सुमनताईनं माझा हात धरला. "अवं, डाळ तरी काढून घ्या! धुऊन खिचडी होते."

"ताई, ही खिचडी कुणी खायची नाही."

त्याच संध्याकाळी रेवाला ताप चढला. जास्तीच्या औषधानं अंगातली लढायची ताकद संपलेली होती, आणि अशात ताप म्हणजे साधा ताप नसतो. तिला काचेच्या खोलीत हलवलं. आत जाताना झगा, टोपी, पट्टी. नितीन ऑफिसातून धावत आला, आईवर ओरडला नाही, बायकोही नाही. ओरडले असते तर म्हातारीला सोसलं असतं. ती काचेबाहेर खुर्चीत बसून राहायची. मी येता-जाता तिच्या पायाखालचं पुसायचे. एकदा म्हणाली, "देव मले नेईल तं बरं." मी म्हटलं, "पाय उचला."

आणि मग ज्याची भीती होती ते आलंच. समाजसेवा विभागाची बाई. गळ्यात ओळखपत्र, हातात मोठी पिशवी. सुमनताईनं तिला लांबून बघितलं आणि बायकांच्या संडासात जाऊन कडी लावून घेतली. मला दारातून बोलावं लागलं.

"गेली का ते?"

"नाही. तुमच्यासाठी थांबलीय."

"सांग, मी नागपूरले गेली."

शेवटी ती बाईच दाराशी येऊन उभी राहिली आणि पिशवीतल्या वस्तू मला दाखवायला लागली. पौष्टिक दुधाचे डबे. तोंड आलेल्या मुलांसाठी वेगळा चमचा. सुमनताईसाठी हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये फुकट जेवणाची कूपनं. मी दाराच्या फटीतून एकेक वस्तू आत सांगत होते. मग आतून विचारलं, "आणि पोर?"

"पोर कुणाला नको आहे, ताई. बाहेर या, मला आतलं पुसायचंय."

रूथबाई त्या दिवसांत रोज वर यायला लागली. काचेशी उभी राहायची, तक्ता वाचायची, जायची. सुमनताईशी बोलायची नाही, पण शेजारी थांबायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, त्यामुळे भांडण होऊ शकलं नाही. ताप उतरला, पुन्हा चढला, पुन्हा उतरला. तोंड भरून यायला लागलं. एक दिवस रेवानं वरणाचं पाणी मागितलं. मुगाचंच. सुमनताईला ते करून आणायला धीर होईना. तिनं आधी मला रूथबाईकडे पाठवलं, चालेल का विचारायला. रूथबाई म्हणाली, "पोटात चालेल. अंगावर नको."

ती एवढीच एकदा हसली.

त्यानंतर रेवाचं वजन नुसत्या चड्डीवर व्हायचं आणि सुमनताई काट्याकडे पाठ करून उभी राहायची. बत्ता गार्डच्या कपाटात पडून होता. मी मागायला गेले तर तो म्हणाला, "मालक कोण?" मी म्हटलं, "फार्मसी." त्यानं खिशावरचं चित्र आठवून देऊन टाकला. रूथबाईनं तो तीन तऱ्हेच्या पाण्यानं धुतला, मग सुमनताईनं घरी नेऊन त्यानं आलं कुटलं आणि थर्मासमधून चहा आणला. रूथबाईनं एक घोट घेतला आणि विचारलं, यात साखर कुणाच्या वजनावर घातली आहे?

मी त्या मजल्यावर २००८ पर्यंत होते. मग गुडघे गेले. पुढे औषधाच्या खोल्यांचे नियम आणखी कडक झाले, यंत्रं आली, वजन आपोआप कागदावर उतरायला लागलं. चांगलं झालं असेल. पण यंत्र डाळ ओळखत नाही. त्याला हवी ती बाई, जी फोनवर नाही म्हणते आणि मग जिना चढते. रूथबाईला निवृत्त करताना त्यांनी केक कापला, आणि ती जिना का चढली होती हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

केली पहिल्यापासून ताटातलं सगळं संपवायची, काट्यावर चढण्याआधी स्वतःहून चपला काढायची, आणि तिचं औषध एकदाही मापाबाहेर गेलं नाही. ती त्याच हिवाळ्यात गेली.

रेवा जगली.